भंडारा उचलायला लावलेली पोर

आपल्याकडे घरात विपरीत घडलं की आधी दार लोटतात, मग डॉक्टर आठवतो. पुण्याजवळच्या जांबे गावच्या कुशाबाच्या घरी दोन हजार सहा साली हेच झालं. सोळा वर्षांची सृष्टी स्वतःच्याच हातावर जखमा करून घेते, हे कळल्यावर आई रत्नाबाई एवढंच म्हणाली, "कुनाला कळलं तर सोयरीक यायची न्हाई." पोरीला काय होतंय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. कॉलेजात तिच्या 'हाय-न्हाई'च्या बोलीला हसायचे, घरी रडली तर बाप खेकसायचा. तिनं जायचं तरी कुठं?

कुशाबानं तिला खंडोबापुढं उभी केली आणि भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. "परत असं केलं तर माझ्या बापाचं वाईट हुईल," असं तिच्याच तोंडून वदवून घेतलं. त्या दिवसापासून पोर बोलेनाशी झाली. घरच्यांना वाटलं, शहाणी झाली. धन्य ते घरचे!

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मेधा पुण्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे काम करायची. तिच्याजवळ मात्र सृष्टी बोलली, आणि एका रविवारी मेधा तिला घेऊन खाली आली.

"कुशाबा, हिचं अजून थांबलेलं नाही. तुम्हाला सांगायला हिनंच मला आणलंय."

कुशाबा तडकला. "भाडेकरू हाय, भाडेकरूवानी ऱ्हावा. आमच्या पोरीला येडी ठरवता व्हय? म्हैनाअखेर खोली खाली करा."

"करते. पण तिचं ऐकून घ्या. आधी तिला तिचंच दुःख होतं. तुम्ही वर बापाचा जीवही तिच्या माथी मारलात."

"शपथ घातली ती तिच्या भल्यासाठीच."

"मग विचारा तिला, भलं झालं का."

सृष्टी मान खाली घालून म्हणाली, "आप्पा, परवा तुमाला ताप आला. मला वाटलं, माझ्यामुळंच. तुमाला काय झालं असतं तर मीबी ऱ्हानार नव्हते."

कुशाबा पोरीजवळ आला. ज्या शपथेनं पोर वाचवायची, तीच तिच्या जिवावर उठली होती! त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शपथ मी मागं घेतली. देवाला काय सांगायचं ते मी सांगन."

पुढच्याच बुधवारी मेधाच्या ओळखीनं आईबाप आणि पोर अशी तिघं पुण्याला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईबापालाही आत बोलावलं, तर कुशाबा फुरंगटला. "मला कशाला? आजारी ती हाय."

"पोर तासभर माझ्याकडे असते, बाकी वेळ तुमच्याकडे," बाई रोखठोक बोलल्या. "तिनं शिकायचं, की मनात आलंय ते राग आहे, लाज आहे की भीती, हे ओळखायचं. ते कितीही चढलं तरी उतरतं. उतरेपर्यंत तोंडावर गार पाणी मारायचं, श्वास सावकाश सोडायचा, आणि घरात कुणाला तरी सांगायचं. तिनं सांगितलं की तुम्ही ओरडायचं नाही, उपदेश करायचा नाही. हे तुम्हाला जास्त अवघड जाणार आहे."

अवघड गेलंच. दोनदा तो तोंड सोडून बसला, दोनदा पोरीची माफी मागितली. रत्नाबाई सहा महिने म्हणत राहिली, की एवढ्यात लग्न होऊन गेलं असतं. मेधाला मात्र खोली सोडावी लागली नाही.

एका दुपारी जमिनीचा एजंट ओसरीवर बसला होता. सृष्टी दारात आली. "आप्पा, आज लई चढलंय."

कुशाबानं एजंटाला वाटेला लावलं. पोरीला घेऊन पायरीवर बसला. का, कशामुळं, काही विचारलं नाही. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "उतरलं." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

आज वर्ष झालं, पोर अजून पुरती बरी नाही, उपचार चालू आहेत. पण आता ती लपवत नाही. मंडळी, राग आला म्हणून सांगतो, पोरं गप्प झाली की आपण त्याला वळण म्हणतो आणि निर्धास्त झोपतो. ती आपल्या धाकानं गप्प झालेली असतात. त्यांना शपथा घालू नका. डॉक्टरकडे न्या, आणि पोर बोलायला आली की हातातलं काम टाकून शेजारी बसा.