साहेबांच्या कॅमेऱ्याची साक्ष

न्यायाचा सगळा डोलारा उभा असतो तो निःस्पृह, निर्भीड आणि अचूक अशा साक्षीदाराच्या खांद्यांवर. आमच्या गल्लीत असे खांदे एकट्या साहेबांना होते, आणि त्यातला डावा गेल्या वर्षापासून वर उचलला जात नव्हता.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्तीनंतर तराजू सुटले, तपासणी सुटली नाही. कोणी "पाच मिनिटांत येतो" म्हणालं की साहेब मनगटावरचं घड्याळ बघायला लागत आणि सहाव्या मिनिटाला त्या माणसाचं काही खरं नसे. त्यांच्या बायकोने, म्हणजे गल्लीच्या काकूंनी, भाजीत चिमूटभर मीठ जास्त टाकलं असं म्हटलं तर ते "कोणाची चिमूट?" असं विचारत. गल्लीची रुंदी तीन मीटर साठ सेंटिमीटर आहे हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण साहेबांनी ती तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा टेपचं दुसरं टोक कोणी ना कोणी धरलं होतं.

एवढ्या रुंदीत समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर एकीने टेलरमास्तरांच्या दुकानापुढे रस्ता थोडा फुगलाय तिथे अंग चोरून उभं राहायचं आणि दुसरीने पोट आत ओढून निघून जायचं, अशी पद्धत आहे. त्या मंगळवारी दुपारी साहेबांची गाडी अशीच अंग चोरून उभी होती. गाडी काकू चालवत होत्या. साहेब शेजारी बसून सूचना चालवत होते.

तेवढ्यात टेलरमास्तर दुकानातला पुतळा कवेत घेऊन त्यांच्या गाडीच्या मागून रस्ता ओलांडायला निघाले. समोरून आलेली एक पांढरी गाडी साहेबांना ओलांडून गेली, मास्तरांना धडकली आणि तशीच पुढे सटकली. मास्तरांचं उजवं मनगट मोडलं. पुतळ्याचे दोन तुकडे झाले. धावत आलेल्या मंडळींनी आधी पुतळ्याच्या वरच्या अर्ध्याला सावलीत नेलं आणि त्याला वारा घातला, हे मास्तर अजून विसरलेले नाहीत.

हवालदार आले. त्यांनी वही उघडली.

"गाडी कोणती होती?"

"पांढरी," मास्तर कण्हत म्हणाले. "बाकी मला पुतळ्याची पाठच दिसत होती."

"काकू, तुम्ही?"

"पांढरं काहीतरी गेलं खरं. एक गेलं की दोन, ते सांगता येणार नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. चाळीस वर्षं ह्यांच्यावरच लक्ष ठेवावं लागतंय."

तेव्हा साहेब पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला.

"दोन वाजून अकरा मिनिटं. शाळेची व्हॅन. मी आरशात प्रत्यक्ष पाहिलं. लिहून घ्या."

हवालदारांनी लिहून घेतलं. सकाळपासून त्यांना भेटलेलं हे पहिलंच पूर्ण वाक्य होतं.

शाळेची व्हॅन ताईची. ताई नऊ वर्षं गल्लीतली आणि आसपासची सतरा मुलं शाळेत नेत-आणत होती. कोणाचा डबा राहिला तर मागे वळून आणायची, कोणाची चप्पल गटारात गेली तर गजाने काढायची. व्हॅन पांढरी होती आणि तिच्या डाव्या बाजूला ताजा ओरखडा होता. ताई म्हणाली, तो शाळेच्या फाटकाचा आहे. पण ओरखड्याला बोलता येत नाही आणि साहेबांना येत होतं. व्हॅन चौकीच्या आवारात जाऊन उभी राहिली. शाळेतून पत्र आलं की शनिवारपर्यंत या प्रकरणातून नाव मोकळं झालं नाही, तर सोमवारपासून मुलांसाठी दुसरी व्हॅन लावण्यात येईल.

गुरुवारी ताई साहेबांच्या दारात आली.

"साहेब, मी गेले तेव्हा मास्तर रस्त्यात नव्हतेच हो. रस्ता मोकळा होता. जरा नीट आठवून बघा ना."

"आठवण्याची वेळ अंदाज करणाऱ्यांवर येते. मी पाहिलेलं आहे."

"माणसाची चूक होऊ शकते."

"माणसाची होते," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःला नेमकं कशात धरलं होतं ते स्पष्ट झालं नाही. "आणि एवढी शंका असेल, तर आमच्या गाडीत कॅमेरा आहे. उद्या चौकीत लावू. म्हणजे तुझंही समाधान होईल."

हा कॅमेरा जावयाने दिला होता. गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवायचा आणि विसरून जायचा, असं त्याचं साधं काम. जावई म्हणाला होता, मी लावून देतो. साहेबांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं आणि दोन दिवस खपून स्वतः लावला. काचेचा मध्य त्यांनी मिलिमीटरमध्ये काढला, पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी लावून तो सपाट आहे याची खात्री केली. कॅमेऱ्याला पडदा नव्हता, फक्त एक हिरवा दिवा होता. तो लागला. साहेबांच्या मते विषय तिथे संपला.

शुक्रवारी सकाळी चौकीत आम्ही सगळे जमलो. ताई भिंतीला टेकून उभी होती. मास्तर प्लास्टरमधला हात पोटाशी धरून खुर्चीत बसले होते. हवालदारांनी संगणकात कार्ड घातलं, मंगळवार शोधला आणि बटण दाबलं.

पडद्यावर साहेब आणि काकू दिसले. छातीपर्यंत, शेजारी शेजारी, स्टुडिओत फोटो काढायला बसल्यासारखे.

पडद्यावर साहेब नाक चोळत होते.

"हे रस्त्याचं नाही वाटत," हवालदार शेवटी म्हणाले.

"यंत्रात बिघाड आहे," साहेब म्हणाले.

"यंत्रात काही नाही," काकू म्हणाल्या. "उलटं लावलंय तुम्ही. दोन महिने झाले, बिचारं रस्ता सोडून आपल्या दोघांची तोंडं बघतंय."

"मध्यावर आहे की नाही?"

मध्यावर होतं. ते हवालदारांनीही मान्य केलं.

पडद्यावर काकूंचा आवाज आला: "काय खाताय?" आणि साहेबांचा: "काही नाही." चौकीतले साहेब एकदम उठून उभे राहिले.

"बंद करा. यात काही उपयोगाचं नाही. खाजगी आहे हे."

हवालदारांचा हात बटणाकडे गेला.

"थांबा," ताई म्हणाली. ती भिंत सोडून पुढे आली होती. "मागची काच बघा गाडीची. रस्ता दिसतोय."

दिसत होता. दोन डोक्यांच्या मधून, तळहाताएवढा. उरलेला रस्ता साहेबांच्या डोक्यामागे होता.

हवालदारांनी साहेबांकडे पाहिलं. "वस्तू तुमची आहे, साहेब. नको म्हणालात तर आत्ता बंद करतो. मग मला रीतसर कागद काढून मागवावं लागेल. सोमवार-मंगळवार उजाडेल."

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवार तिला सगळ्यात चांगला ठाऊक होता. साहेब कार्डाकडे बघत राहिले. पुढे काय आहे हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं.

"चालू द्या," काकू म्हणाल्या.

"अगं, पण पुढे—"

"पुढचं मलाही माहितीये. माझंही आहे त्यात. बसा खाली."

साहेब बसले. हवालदारांनी बटण दाबलं आणि आवाजही वाढवला, तपासाच्या दृष्टीने.

"काही नाही काय? तोंड हलतंय ते," पडद्यावरच्या काकू म्हणाल्या. "परवा साखर किती आली होती?"

"दोनशे सेहेचाळीस."

"आणि हातात काय आहे?"

"कुठल्या हातात?"

"तुम्हाला किती आहेत?" असं म्हणून पडद्यावरच्या काकूंनी स्वतःच्या जाकिटाची बाही ओढली. "आणि हे बघा. टेलरमास्तरांना माप देऊन शिवलंय. एक हात माझा आहे, दुसरा कोणाचा घेतलाय देव जाणे."

"ते राखाडी जाकीट का?" मास्तरांनी खुर्चीतून विचारलं.

"मास्तर, त्याचं आपण नंतर बोलू," काकू म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

पडद्यावर मागच्या काचेत एक पांढरी गाडी शिरली. व्हॅनच होती. खाली आकडे होते: दोन वाजून दहा मिनिटं. व्हॅन हळूहळू लहान झाली आणि वळणावरून निघून गेली. रस्ता रिकामा. मास्तर नाहीत, पुतळा नाही, काही नाही. त्या रिकाम्या रस्त्यापुढे बसून पडद्यावरचे साहेब म्हणाले:

"ही व्हॅनवाली एक दिवस कोणाला तरी उडवणार, माझे शब्द लिहून ठेव."

चौकीत आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. ताई तेवढी पडद्याकडे बघत राहिली.

मग साहेबांच्या हातातून काहीतरी निसटलं. क्रीमचं बिस्किट होतं. ते सीटखाली गेलं आणि त्यामागोमाग साहेब गेले. त्यांचं डोकं पडद्यावरून नाहीसं झालं आणि ज्या जागी ते होतं तिथे आमची सगळी गल्ली उघडी पडली, टेलरमास्तरांच्या दुकानाच्या पाटीसकट.

पुतळ्याला मिठी मारून मास्तर पायरी उतरले. पांढरा टेम्पो आला. काकूंच्या नजरेसमोरूनच गेला असणार, पण काकू रिकाम्या सीटकडे बघून "मिळालं का?" असं विचारत होत्या. धाडकन आवाज झाला. टेम्पो क्षणभर थबकला, मागचे लाल दिवे लागले, आणि मग मनाशी काहीतरी ठरवल्यासारखा सुसाट गेला. पाठीवर बांधलेल्या चार गाद्या आणि खाली नंबर. अख्खा नंबर.

त्यानंतर साहेब वर आले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, बिस्किटावर फुंकर मारली आणि ते तोंडात टाकलं.

"खाली पडलेलं खाल्लंत?"

"गाडी आपली आहे. धूळही आपलीच," पडद्यावरचे साहेब म्हणाले. "आवाज कसला झाला?"

हवालदारांनी चित्र थांबवलं आणि नंबर वहीत उतरवून घेतला, मग पुन्हा पडद्याशी ताडून पाहिला. मास्तर म्हणाले, "म्हणजे मला गाद्यांनी पाडलं," आणि त्यात त्यांना थोडा अपमान वाटल्यासारखा दिसला. ताई बाकावर बसली. इतके दिवस ती कुठे बसलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

हवालदारांनी वहीची मागची पानं उलटली.

"साहेब, तुमचा जबाब. 'आरशात प्रत्यक्ष पाहिले' असं आहे इथे."

साहेबांना बोलायला वाव होता. वय झालंय म्हणता आलं असतं, ऊन डोळ्यावर होतं म्हणता आलं असतं. आम्ही सगळेच त्यांना तेवढी सूट द्यायला तयार होतो. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

"खोडा ते. आणि लिहा. साक्षीदार सदर वेळी सीटखाली होता. आवाज ऐकला. पाहिलं काहीही नाही." ते थांबले. "व्हॅन आधी गेली होती, म्हणून व्हॅनचं नाव सांगितलं. आरसा नंतर घातला. आरसा म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत."

"सीटखाली कशासाठी, ते लिहू का?"

"लिहा. बिस्किट. क्रीमचं."

"आणि किती वेळ, ते अंदाजे—"

"अंदाजे नाही. परत लावा."

हवालदारांनी परत लावलं. साहेबांनी स्वतःच्या घड्याळावर स्वतःला मोजलं. चौदा सेकंद. चौदा लिहिलं, साहेबांनी खाली सही केली आणि तारीख घातली. मग ते ताईसमोर जाऊन उभे राहिले, त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही. काकूंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

टेम्पोवाला त्याच संध्याकाळी सापडला. गादी पडली असं वाटलं, असं तो म्हणाला. मग गादी उचलायला का थांबला नाहीस, असं हवालदारांनी विचारल्यावर तो गाद्या मोजायला लागला. शनिवारी दुपारी व्हॅन सुटली आणि शाळेचं दुसरं पत्र आलं. ते पहिल्यापेक्षा बरंच आखूड होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता व्हॅन गल्लीत शिरली. टेलरमास्तरांच्या दुकानापुढे साहेब रस्त्याच्या मधोमध उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात तीन पानं. शनिवार-रविवार ते जेवायलाही टेबलावर आले नव्हते, असं काकूंकडून कळलं होतं. ताईने ब्रेक दाबला. गल्ली पायऱ्यांवर आली, काहीजण तोंडात ब्रश तसाच घेऊन.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. माफीनामा त्यांनी खात्याच्या पद्धतीने लिहिला होता, कलमवार. पहिल्या कलमात दिनांक, वेळ आणि स्थळ होतं. दुसऱ्यात, खोटी साक्ष कोणी दिली ते पूर्ण नावानिशी आणि हुद्द्यासकट होतं. तिसऱ्या कलमापाशी त्यांनी पान डोळ्यांजवळ घेतलं.

"कलम तीन. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं तपासली. तुझे पाच दिवस मी एका शब्दाने घालवले. ते भरून देण्याचं माप माझ्याकडे नाही. शोधलं, सापडलं नाही."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. मास्तरांनी डाव्या हाताने उजवं प्लास्टर कुरवाळलं. व्हॅनमधली पोरं खिडक्यांना नाकं लावून ऐकत होती. साहेबांनी पान उलटलं, कलम चारवर बोट ठेवलं आणि वर पाहिलं.

ताईने खिडकीतून मान बाहेर काढली. तिचेही डोळे भरले होते.

"साहेब," ती म्हणाली, "जरा बाजूला सरकता का? सात पंचवीसला फाटक लावतात."