संथ तीन ठोके

मित्रांनो, मी आगगाडीच्या रुळाचा एक जुना तुकडा आहे. खाणवाल्यांनी मला शिरोलीच्या भंगारातून उचलले आणि पन्हाळ्यापलीकडच्या डोंगरात, एका लहान गावच्या जांभळीला तारेने टांगले.

तिथे बॉक्साइटची खाण होती. सुरुंग उडवण्याआधी खाणीवर काम करणारे गावातले आण्णा मला पहारीने भराभर ठोकायचे. लगेच बाया लेकरे-शेरडे आत ओढून दारे लावायच्या. स्फोट होऊन धूळ बसली की आण्णा संथ तीन ठोके द्यायचे. म्हणजे बाहेर या. 'ह्या रुळानं लई जीव राखलं,' असे लोक म्हणत. मला बरे वाटे. पण मी बोललो की आधी गल्ली रिकामी व्हायची, हेही मनाला लागे.

पुढे खाण बंद पडली. तरणी माणसे एमआयडीसीत गेली, आण्णा वारले, खाणीच्या खड्ड्यात पाणी साठले. आता मी न वाजताच गल्ली रिकामी होती. सुरुंगाशिवाय मला कोणी वाजवायचे नाही, ही जुनी शिस्त. म्हातारी माणसे ती अजून पाळत. माझ्या तारेला गंज चढला.

गेल्या उन्हाळ्यात शेळीमागे गेलेला आमच्या गल्लीतला इमाम त्या खड्ड्यात घसरला आणि एका मुळीला लोंबकळून ओरडू लागला. काठावर शेण गोळा करणारी आक्का, आण्णांची बायको, धापा टाकत माझ्याकडे आली. दगड घेऊन तिने मला भराभर बडवले.

आणि काय सांगू! धडाधड दारे लागली.

"सुरुंग हाय, आत व्हा!" शेजारच्या घरातून म्हाताऱ्या हंबीररावांचा आवाज आला.

"अवो, कुठला सुरुंग! इमाम बुडाला की!" आक्का ओरडली.

बंद दारांना काय ऐकू जाणार? आक्का थबकली. मग तिने एक ठोका दिला आणि थांबली. खाली इमाम हाका मारत होता. पण घाई केली तर दारे उघडणार नव्हती. दुसरा ठोका. पुन्हा थांबली. तिसरा.

दारे उघडली. आक्काने खड्ड्याकडे बोट केले तसे हंबीरराव कासरा घेऊन धावले. सगळ्यांनी ओढून इमामला वर काढले.

"आक्का, मी बुडतोय आन् तू सुरुंग लावतीस व्हय?"

"गप की रं मुडद्या," आक्का म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दिवेलागणीपर्यंत सगळी माझ्या जांभळीखाली बसली होती. मग एकेक घरी गेली. त्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही.

मित्रांनो, अशा गावी आलात तर खड्ड्याच्या काठाला जाऊ नका. जांभळीखाली या. मोठ्यांना सांगून माझी तार तेवढी बदला. आणि मला वाजवा, पण संथ. तीनच ठोके. बंद दाराआड कोणीतरी अजून त्यांचीच वाट पाहत असेल.