घसरणारा आकडा

तराजूच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा खाली सरकत होता. सातावरून सहावर, सहावरून पाचावर, जिना उतरणाऱ्या मांजरासारखा सावकाश. काचेच्या पेटीतला हा तराजू इतका नाजूक, की भांड्यावर उमटलेला बोटाचा ठसाही त्याला जाणवे. भांड्यातली पूड कुठे उडून जात नव्हती. पेटीची दारं बंद होती. तरी वजन कमी होत होतं.

"पुन्हा?" शेजारच्या टेबलावरून चष्म्याने विचारलं. औषध कंपनीच्या या प्रयोगशाळेत जो तो टोपणनावाने ओळखला जाई. चष्मा ही तिशीतली सहकारी, आणि जिच्यासमोर आकडा घसरत होता ती सगळ्यांची ताई.

"पुन्हा," म्हणत ताईने कोटाच्या बाहीने कपाळ टिपलं.

तिने सगळं तपासून पाहिलं होतं. टेबल हलतं का, छतातल्या झडपेतून वारा येतो का, पूड दमट झाली का. कशातच काही खोट नव्हती. उरली होती ती स्वतः. पन्नाशी ओलांडल्यापासून झोप तुटक झाली होती, ओळखीचे शब्द ऐन वेळी दडी मारत, आणि केव्हाही पोटातून उष्णतेची लाट उठून कानांपर्यंत चढे. आता हातही दगा देतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

साहेब निवृत्त होणार होते. प्रमुखाची जागा तिने घ्यावी, असं ते उन्हाळ्यापासून म्हणत होते आणि ती दर वेळी "विचार करून सांगते" म्हणत होती. जिचं स्वतःचं वजन चुकतं, तिने दुसऱ्यांच्या वजनांवर सही कशी करायची?

घरी हे फक्त थोरल्या नणंदेला ठाऊक होतं. वन्संनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती. निवृत्तीनंतरही बोलणं शिट्टी फुंकल्यासारखंच.

"डॉक्टरकडे जाऊन आलीस?"

"आले. रक्त, थायरॉईड, सगळं ठीक. पाळी थांबतेय, एवढंच. औषधं आहेत म्हणाल्या, पण आधी मला राहणी बदलून बघायचीय."

"मग उद्यापासून सुरू! संध्याकाळी भरभर चालायचं. उठाबशा. सोयाबीन, जवस. तिखट कमी, कॉफी बंद. सुती कपडे, आणि रात्री खिडकी उघडी."

"वन्सं, सगळं एकदम केलं, तर फरक कशामुळे पडला ते कसं कळणार?"

"फरक पडल्याशी मतलब! तू काय प्रयोगातला उंदीर आहेस?"

"एका वेळी एकच करीन."

"कर. सत्तरी उजाडेल तुझी."

शेवटी तडजोड झाली. चालणं, उठाबशा आणि खिडकी लगेच, बाकीचं मागाहून. वन्सं स्वतः सोबत चालायला येत आणि ताई जरा रेंगाळली की मागून टाळी वाजवत. ताईचा नवरा दोन पांघरुणांत गुरफटून झोपू लागला. "आमच्या पलंगावर दोन ऋतू आहेत," तो बहिणीला म्हणाला. "तिच्या बाजूला उन्हाळा, माझ्या बाजूला हिवाळा."

हळूहळू झोप सलग लागायला लागली. लाट आली की ताई खुर्चीत पाठ टेकून लांब श्वास सोडी. लाट थांबत नसे, पण घाबरं होत नसे. जवसाने मात्र पोट साफ झालं, बाकी काही नाही. तेही तिने वन्संना प्रामाणिकपणे सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. घरची कॉफी सुटली होती, ऑफिसातली नव्हती. दुपारी साहेब स्वतः कडक, वाफाळती कॉफी करून आणत, आणि त्यांना नाही म्हणणं तिच्या जिवावर येई.

आकडा अजून घसरतच होता. अखेर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने चिमट्याने प्रमाणित वजन ठेवलं. आकडा ढिम्म हलला नाही. चष्म्याने ठेवलं, तेच.

"यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला. "ताई, तुम्ही बसा."

ताई नुकतीच कॉफी संपवून आली होती. पेटीत हात घालून तिने भांडं ठेवलं, दार लावलं, आणि लाट आली. चेहरा तापला, मान भिजली. आकडा उतरू लागला.

"तुम्हाला ताप आहे का हो? इथे, बाजूला उभा आहे तरी धग लागतेय."

ताईने एकदा पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. ती उठून बाहेर पंख्याखाली जाऊन उभी राहिली.

"ताई, वर येतोय!" आतून चष्मा ओरडली. "सहा... सात! थांबला!"

ताई दारातच हसायला लागली. "माझ्या हाताने पेटीतली हवा तापतेय. गरम हवा वर चढते आणि भांड्याला उचलून धरते. ताप नाही हो मला. माझी पाळी थांबतेय."

दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "आमची ही हल्ली फ्रिजचं दार उघडून उभी असते. मला वाटलं, फ्रिज गार होत नाही. गॅस भरून घेतला मी त्यात!"

"आणि त्यांना काही विचारलंत?" चष्मा म्हणाली.

"आज विचारतो."

"ताई, हे कायम तुमच्या कॉफीनंतरच होतं," चष्म्याने पुढे सांगितलं. "मला वाटायचं, दुपारी सगळेच थकतात."

ताई पेल्यातलं गार पाणी घोट घोट प्यायली. हात थरथरत नव्हता. तो कधीच थरथरला नव्हता. चूक होती, पण ती कुठून येते ते आता ठाऊक होतं, आणि अशा चुकांचा बंदोबस्त करण्यातच तिची सगळी नोकरी गेली होती.

साहेब दारात आले. "काय निघालं?"

"यंत्र ठीक आहे, मीही ठीक आहे. मला दुपारची कॉफी नको, साहेब. आणि वजनं मी सकाळी करीन, हाताऐवजी लांब चिमट्याने."

"एवढंच?"

"नाही," ताई म्हणाली. "तुमची जागा मी घेते."