सात शून्यं

“अगं, सहाशे बाराला सहाने भागलं तर बारा कसे येतील? बाकीचं काय उंदरांनी नेलं?”

थोरली मान खाली घालून पेन्सिल चावत होती. भागाकारातलं मधलं शून्य ही मुलगी दर वेळी गिळते. तीन आठवडे मी घसा फोडून सांगत होते. धाकटी टेबलाखाली बसून मोठमोठ्याने कविता म्हणत होती, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, आणि समोरच्या शाळेची घंटा मला ऐकू गेली नसेल अशा थाटात सासूबाई खिडकीतून सांगत होत्या, “वाजली बघ. हाकेच्या अंतरावर शाळा, आणि आमच्या सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर शाळा काढलीय!”

त्याच शाळेच्या कचेरीत मी आठ वर्षं कारकून होते. दाखले लिहिले, हजेरीपटांचे गठ्ठे बांधले. रडत आलेलं मूल कोणत्या तुकडीचं हे मला लगेच सांगता यायचं, ते का रडतंय हे कुणालाच नाही. थोरली झाली तेव्हा आम्ही दोघांनी प्रार्थना करून ठरवलं, देवाने लेकरं आपल्या हवाली केलीत, तेव्हा त्याला जाबही आपणच द्यायचा. गणित, भूगोल शिकवूच. पण काही लपवायची वेळ येणार नाही असं मूल वाढवायचं. नवरा पंप दुरुस्त करतो. म्हणाला, “तू बाकीचं शिकव, मी संध्याकाळी विज्ञान बघतो.” त्याचं विज्ञान म्हणजे गळके वॉशर. असो.

त्या दिवशी अकरा वाजता शिक्षण खात्याच्या बाई वह्या तपासायला येणार होत्या. वह्या पसंत पडल्या नाहीत तर घरी शिकवायची परवानगी रद्द, पोरी समोरच्या शाळेत. साडेदहाला मी दोघींना कपडे बदलायला पिटाळलं. वही उघडीच होती. सात भागाकार, सातही चूक. माझं डोकंच फिरलं. थोरलीचे आकडे नेहमी एकमेकांशी भांडल्यासारखे लांब लांब उभे असतात. मध्ये शून्य आरामात मावलं. सातही ठिकाणी.

बाई आल्या, पाणी प्यायल्या, पानं उलटू लागल्या. “भागाकार छान जमलेत हं.”

“मॅडम, ही शून्यं माझी नाहीत,” थोरली म्हणाली.

“मग कुणाची?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ओठ घट्ट मिटून टेबलाकडे बघत बसली. कान लालबुंद झाले होते. मला आधी तिचाच संताप आला. तीन आठवडे सांगितलेलं एक अक्षर डोक्यात शिरत नाही, आणि हे बरं शिरलं! मग लक्षात आलं, हेच तर मला शिकवायचं होतं. आणि माझं नाव घ्यायला नको म्हणून ती एवढीशी पोर माझ्यासमोर घुसमटत होती.

“मी घातली,” मी म्हणाले. “आज सकाळी. तिला अजून येत नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “मला हे लिहावं लागेल.”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं: भागाकार कच्चा. उत्तरं आईने बदलली. परवानगी तीन महिन्यांपुरती, नंतर पुन्हा तपासणी. खाली मी सही केली. आठ वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या कागदांवर केली तशीच, पूर्ण नावाची.

बाई गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मी केव्हाची सांगतेय...” आणि का कोण जाणे, अर्ध्यावरच थांबून कुकर बघायला गेल्या.

“आई, माझ्यामुळे झालं ना?” थोरलीचे डोळे भरले होते.

“नाही गं. माझ्यामुळे. खोडरबर दे.”

एकेक शून्य खोडत गेले. सातवं खोडताना कागद फाटला.

“राहू दे, आई.” तिने वही स्वतःकडे ओढली, नवं पान काढलं, सहाशे बारा लिहिले. उत्तरात एक मांडला आणि पेन्सिल थांबली. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले.