माझ्यावर चढून बोललेली माणसे

मी एक जुनी तिपाई आहे. तिपाई म्हणायचे ते सवयीने, कारण तिसरा पाय मला उरलेला नाही. त्या जागी कौलाचा तुकडा टेकू म्हणून लावतात. करिंथ शहरात, कौलांच्या भट्टीच्या एका मालकाच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ माझी जागा आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गोड बोलतात, सगळ्यांना क्षमा करून टाकतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म करिंथजवळच्या किंख्रिया बंदरावरचा. थ्रेस देशातून गुलाम म्हणून आलेला आणि म्हातारपणी सुटलेला एक सुतार तिथे जहाजांची वल्ही घडवायचा. उरलेल्या चिनाराच्या लाकडातून त्याने मला केले. लाकूड गाठीचे होते, त्यामुळे रंधा अडकला की तो त्याच्या देशाच्या भाषेत मला शिव्या घालायचा. म्हणून मी पहिली भाषा शिकले ती थ्रेसची, आणि त्यातही आधी शिव्याच शिकले. पण पाय त्याने चोख बसवले. "बस आता, शंभर वर्षं हलणार नाहीस," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

तिथून मी देक्सिप्पोसच्या घरी आले. त्याची भट्टी घराच्या मागेच होती आणि माती खणायची खाण उताराखाली. मला स्वयंपाकघरात ठेवले. तिथे राबणाऱ्या बाईला सगळे थ्रत्ता म्हणत, म्हणजे थ्रेसवाली. या शहरात तिकडून विकत आणलेल्या बाईला हेच नाव पडते. खरे नाव विचारायची तसदी कोण घेणार? तिचे नाव झियाका होते. माझ्यावर बसून मसूर निवडताना ती स्वतःशी आपल्या भाषेत बोलायची, म्हणून मला ते ठाऊक. दर आठवड्याला ती मला तेलाच्या गाळाने पुसायची. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग या घराने नवा मार्ग धरला. देक्सिप्पोसने बाप्तिस्मा घेतला, त्याच्यामागून गुलामांनीही घेतला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी अंगणात मंडळी जमू लागली. मालक आणि झियाका एकाच भाकरीचे तुकडे मोडत होते. हे पाहून माझ्या लाकडालासुद्धा बरे वाटले. या लोकांत म्हणे देवाचा आत्मा दाने वाटतो. कुणाच्या हाताने दुखणे बरे होते, कुणाला पुढचे दिसते, कुणाच्या तोंडून अशी भाषा येते की ती माणसांची नसते. हे खोटे होते असे मी म्हणत नाही. एकदा एका कोपऱ्यात एक म्हातारी हलक्या आवाजात तशी बोलत होती आणि बोलता बोलता शेजारच्या तापकऱ्याचे डोके चेपत होती. तिचे ऐकताना मला शांत वाटले होते.

पण हा मार्ग शिकवायला आलेले लोक पुढच्या गावाला गेले आणि इथे चढाओढ लागली. कुणाचे दान मोठे? देक्सिप्पोसला भाषांचे दान होते आणि उंची नव्हती. मागच्या लोकांना आपण दिसत नाही हे त्याला खुपायला लागले. म्हणून एके दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि झियाका माझ्यावर बसलेली असतानाच म्हणाला, "ऊठ. ही तिपाई प्रभूच्या कामाला हवी."

"धनी, मग मी बसू कशावर?"

"जमीन कुठे गेली?"

त्या दिवसापासून माझ्यावर बसणे बंद झाले आणि माझ्यावर चढणे सुरू झाले. माझ्यावर जो उभा तो आत्म्याने भरलेला, बाकीच्यांनी ऐकायचे आणि "आमेन" म्हणायचे, अशी त्या घरात रीतच पडली. देक्सिप्पोस उतरायचा नाही. मद्याच्या व्यापाऱ्याची फिलुमेने नावाची बायको भविष्य सांगायची. ती खाली उभी राहून धुसफुसायची.

"पुरे की आता, देक्सिप्पोस. मलाही संदेश आलाय," ती म्हणायची.

"आत्म्याला मी थांबवू?"

"आत्म्याला नको, तोंडाला थांबव. मागच्या वेळेला अर्धा दिवस बोललास आणि कळलं काय? काही नाही!"

"तुझं भविष्य तरी कुठं खरं ठरलं? पूर येणार म्हणालीस, विहीर आटली!"

आणि ही माणसे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत होती! त्यांच्या टाचांनी माझी पाठ झिजत होती आणि अंगाचा तिळपापड होत होता. बंदरावरचे हमाल काम संपवून उशिरा येत, तोवर श्रीमंतांनी खारे मासे आणि चीज फस्त केलेले असे. झियाका त्यांच्यासाठी मसुराचे वाडगे आधीच बाजूला काढून ठेवायची. आजाऱ्यांच्या जखमाही तीच धुवायची. एकदा तिने भीत भीत विचारले, "धनी, सगळ्यांना काही ना काही दान मिळालंय. माझं कोणतं?"

"तुझं?" देक्सिप्पोस माझ्यावरूनच हसला. "मसूर!"

अंगणभर हशा पिकला. झियाकाही हसली. गुलामाला हसावेच लागते.

आता त्या दिवसाचे सांगते. आठवड्याचा पहिला दिवस होता आणि अंगणात अजून ऊन होते. मंडळी जमली होती. झियाका चुलीवर मसूर चढवून कारंज्यावर पाणी आणायला गेली होती. भट्टीच्या मजुरांना मात्र सुट्टी नव्हती. थ्रेसहून तीन महिन्यांपूर्वी आलेला आणि घरात कधी पाऊल न टाकलेला बिथिस नावाचा एक माणूस खाणीत माती खणत होता. त्याचा जोडीदार गाढवावर माती लादून भट्टीकडे गेला होता, आणि बिथिसची बायको दिझा त्याला भाकरी द्यायला आली होती. तिच्या डोळ्यांदेखत वरचा कडा सुटला आणि माती बिथिसच्या छातीपर्यंत आली.

तिने हातांनी उपसायला सुरुवात केली. उपसावी तेवढी वरून येत होती. तेव्हा ती धावत घराकडे आली, कारण नवऱ्याने तिला सांगितले होते की या घरातले लोक सगळ्यांना भावंडे मानतात.

ती दारातून आत आली तेव्हा कोपरापर्यंत माती होती, केस सुटले होते. करिंथच्या भाषेतले जे चार शब्द तिला येत होते ते भीतीने पळून गेले होते. ती आपल्या भाषेत ओरडली, "फावडी आणा! माती पडली! माझा माणूस मातीत आहे! फावडी आणा!"

मित्रांनो, मला शब्द न शब्द कळला. पण तिपाईला तोंड नसते.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागून कुणीतरी म्हणाले, "आमेन!"

"दान!" देक्सिप्पोस आनंदाने ओरडला. "बघा, रस्त्यावरच्या बाईवर आत्मा उतरला! या, बाई, या!" आणि त्या दिवशी प्रथमच तो आपण होऊन माझ्यावरून उतरला. दोघांनी दिझाला धरून माझ्यावर उभे केले. तिचे पाय थरथरत होते. ते थरथरणे माझ्या तिन्ही पायांतून जमिनीपर्यंत जात होते.

"फावडी आणा!" ती रडत म्हणाली आणि दाराकडे हात करू लागली.

"आमेन! आमेन!"

"तिचे हात पाहा!" फिलुमेने पुढे सरसावली. "हातांवर माती! मला उलगडलं! माणूस मातीचा आहे, मातीत जाणार आहे, असं आत्मा सांगतोय!"

"तू मध्ये बोलू नकोस. आधी तिला पुरं होऊ दे."

दिझाने उडी मारून देक्सिप्पोसची बाही ओढली. तो गहिवरला. "आत्मा मला ओढतोय," तो म्हणाला आणि डोळे मिटून तिच्यामागून तिचेच शब्द म्हणू लागला. सोपे होते, पुन्हा पुन्हा तेच येत होते. मग त्याचे ऐकून दुसरा म्हणू लागला, तिसरा म्हणू लागला. थोड्याच वेळात सगळे अंगण हात वर करून थ्रेसच्या भाषेत गात होते, "फावडी आणा, फावडी आणा." आणि फावडी भट्टीमागच्या छपरात कुलपाआड होती. माझ्यापासून वीस पावलांवर.

दिझा गप्प झाली. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. ही सगळी माणसे माझी भाषा बोलतात, मी काय म्हणते ते यांना कळते, आणि तरी जागचे कुणी हलत नाही, असे तिला वाटत होते. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही आणि त्या मंडळींना विसरू देणार नाही.

झियाका पाण्याची घागर घेऊन गल्लीत पोचली तेव्हा तिने वीस वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून आपल्या आईची भाषा ऐकली, आणि तीही चाळीस तोंडांतून. घागर दारातच फुटली.

"कुठं?" ती आपल्या भाषेत किंचाळली. "कुठं पडली माती?"

"खाणीत! बिथिस आत आहे!"

झियाका मंडळींकडे वळली. "अहो, उभे काय राहिलात? खाणीचा कडा कोसळलाय! हिचा नवरा गाडला गेलाय! ती फावडी मागतेय!"

आणि देक्सिप्पोस काय म्हणाला असेल? त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "अर्थ सांगण्याचं दान! आपल्या थ्रत्ताला! स्तुती असो!"

"दान गेलं चुलीत!" झियाका ओरडली. मालकासमोर ती इतक्या मोठ्याने आजवर बोलली नव्हती. "ही माझ्या आईची भाषा आहे, धनी! दान कशाला मिळतं? दुसऱ्याच्या कामी यायला! छपराची किल्ली द्या!"

आता कुठे ते हलले. देक्सिप्पोसचा चेहरा पांढरा पडला. तो कमरपट्टा चाचपू लागला, किल्ली सापडेना. झियाका थांबली नाही. तिने माझा पाय धरून मला उचलले आणि दिझाच्या मागून उताराने धावत सुटली. स्वयंपाकघरातून मसूर करपल्याचा वास येत होता. इतका वेळ गेला होता.

खाणीत बिथिस दिसत नव्हता. त्याचा एक हात तेवढा वर होता. झियाकाने मला उलटे केले आणि माझ्या पायांनी ती माती ओढू लागली. मित्रांनो, मी आयुष्यात खरे काम केले ते तेवढेच. शंभर वर्षे हलणार नाही म्हणून बसवलेला माझा पाय एका दगडात अडकला आणि मोडला. ती उरलेल्या दोन पायांनी ओढत राहिली. मंडळी फावडी घेऊन आली, त्यांनीही जिवाच्या आकांताने खणले, हे सांगायलाच हवे. फिलुमेनेची नखे तुटली. देक्सिप्पोस गुडघ्यांवर बसून हातांनी उपसत होता आणि त्याच्या तोंडून कोणतीच भाषा निघत नव्हती.

बिथिसला बाहेर काढले तेव्हा त्याचे अंग अजून गरम होते, पण श्वास नव्हता. ज्याच्या हातांत बरे करण्याचे दान होते त्याने हात ठेवले. थोड्या वेळाने काढून घेतले.

दिझा त्या गल्लीतून गेली ती वर्षभर दिसली नाही. मला पुन्हा स्वयंपाकघरात टाकले. पुढे समुद्रापलीकडून, त्या शिकवणाऱ्यांपैकी एकाचे पत्र आले. ते अंगणात मोठ्याने वाचले गेले. त्यात यांना चांगलेच खडसावले होते असे म्हणतात, आणि ऐकताना प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता. मला ऐकून नवल वाटले नाही.

मग आठवड्याच्या एका पहिल्या दिवशी दिझा दारात उभी राहिली. वर्षभर तिने किंख्रियाला जाळी विणली होती आणि बाजारात करिंथची भाषा शिकली होती. तिने झियाकाला काहीतरी विचारले. झियाकाने मला बाहेर आणले, मोडक्या पायाखाली कौलाचा तुकडा सरकवला आणि तिला हात दिला. दिझा माझ्यावर चढली. या वेळी तिचे पाय थरथरत नव्हते.

"त्या दिवशी," ती अडखळत म्हणाली, "मी देव नाही बोलली. मी फावडं बोलली."

मागून कुणीतरी सवयीने "आ—" म्हणाला आणि ते गिळून टाकले. देक्सिप्पोसने मान खाली घातली. दिझा उतरली, झियाकाच्या गालाला तिने हात लावला आणि आली तशी निघून गेली. तिने कुणाला क्षमा केली नाही. मीही केलेली नाही.

आता माझ्यावर कुणी चढत नाही. झियाका बसते आणि मसूर निवडते. मित्रांनो, माझा पाय बसवायला सुतार शोधू नका. तो मोडला ते बरेच झाले. एवढेच करा. तुम्हाला जे काही येत असेल, ते कुणाच्या कामी येते ते पाहा. आणि न कळणाऱ्या भाषेत कुणी ओरडत दारात आले तर आधी त्याच्या हातांकडे नीट बघा. फावडी छपरात आहेत. आता कुलूप नसते.