मोजायचा राहिलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना काँक्रीटचा ओटा आहे. घराच्या मागच्या दारापासून नळापर्यंत ऐसपैस पसरलेला. गवंड्याने मला घोटून गुळगुळीत केले आणि तो हात धुवायला वळला, तेवढ्यात घरातली एकुलती एक लेक माझ्यावरून धावली. तिची बडबड कधी थांबत नसे, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. नळाजवळच्या कोपऱ्यात तिची दोन पावले उमटली. गवंडी चिडला, पण तिची आई हसून म्हणाली, "राहू द्या हो. मोठी झाली की दाखवू तिला."

टिटवी मोठी झाली नाही. तापाचे निमित्त झाले आणि ती गेली. तेव्हापासून त्या कोपऱ्यात कुणी पाय ठेवत नाही. बादलीसुद्धा लांबूनच पुढे सरकवतात. मला मात्र संध्याकाळी तिथे हलकेसे वजन जाणवते. माझे काळीज दगडाचे असेल, पण तेव्हा तेही हलते.

नळाच्या पाण्याने माझी कातडी सुटू लागली. पावलांच्या कडा झिजल्या, एक अंगठा तर दिसेनासा झाला.

"अहो, हे पुसलं गेलं तर माझ्याजवळ काय उरेल?" आई कासावीस होऊन म्हणाली.

वडिलांनी मला सीलर, म्हणजे पाणी आत मुरू न देणारा लेप, लावायचे ठरवले. टेपने माझी लांबी-रुंदी मोजली. एका लिटरात किती जागा होते, ते डब्यावर वाचून हिशेब केला. मी खडबडीत, जास्त पिणार, म्हणून थोडे वाढवूनही धरले. दाराकडून रोलर फिरवत ते निघाले आणि नेमके पावलांशी पोचताच डबा कोरडा पडला.

"असं कसं? मी तर नीट मोजलं होतं."

"टेप कुठे टेकवली होती तुम्ही?" आईने हळूच विचारले.

ते कोपऱ्याकडे बघत राहिले. टेप अलीकडेच थांबली होती.

"माझा पायच पुढे गेला नाही गं," म्हणून ते मटकन खाली बसले आणि रडू लागले.

मग आईने चपला काढल्या, बाजूच्या मातीवरून वळसा घेतला आणि कोपऱ्यात जाऊन टेपचे टोक धरले. "धरलंय मी. मोजा आता."

मित्रांनो, तिच्या शेजारी ते हलके वजनही उभे होते. मी शपथेवर सांगतो.

दुसरा डबा आला, पावले वाचली. तुमच्याही घरात अशी एखादी जागा असेल, जिकडे कुणाचे पाऊल वळत नाही. काळजी घ्यायला निघाल तेव्हा तीही मोजा. सगळ्यांत आधी झिजते ती तीच.