दुसऱ्या माळ्यावरचे दाणे

रंजनाने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माळ्यावरून खाली पाहिलं आणि खिडकीचे गज घट्ट धरले. सूर्यमाळच्या कड्याकपारींत गुरं राखलेली पोर ती. पण माणसांच्या डोक्यावर माणसं राहतात आणि तिथेही नळ सोडला की पाणी येतच राहतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तिने नळ दोनदा सोडून पाहिला. तिसऱ्यांदा तिच्या बापाने, लाडक्याने सोडला.

"हे पाणी एवढं वर चढतं कसं गं?" त्याने देवळात विचारावं तसं हळूच विचारलं.

सन दोन हजार एक. जव्हारच्या कॉलेजात बी.ए.ला रंजनाचं नाव लागलं होतं. राहायला जागा दोनच: हे मुलींचं वसतिगृह, नाहीतर जव्हारमधलंच तुकामामाचं घर. मामी भली बाई, पण घरात चार लहान पोरं; तिथे पुस्तक उघडायलाही मुहूर्त काढावा लागला असता. रंजनाला ही खाट हवी होती. एकटीची खाट! घरी तिघी बहिणी एका गोधडीत झोपत.

पण लाडक्या हटून बसला. त्यांच्या पाड्यावर दाणे ठेवून पाहिल्याशिवाय कुणी घर बांधत नसे. रात्री वाटीखाली तांदळाचे सात दाणे ठेवायचे. सकाळी सातही असले तर जागेने माणसाला घेतलं. एक जरी गेला तर तिथे राहायचं नाही. आदल्या रात्री त्याने मामाकडे ठेवले होते, ते सातच्या सात निघाले होते.

"अठं तू ठेव. बाप्यांना रातचं राहू देत नाय," तो म्हणाला. "मी सकाळी येतो."

सकाळी रंजनाने वाटी उचलली. पाचच! शेजारच्या खाटेवरची हर्षदा हसून म्हणाली, "अगं, मेसमधून दोन आणून टाक की!" सोपंच होतं. रंजना दारापर्यंत गेलीसुद्धा. पण जागेला विचारायचं आणि उत्तर आपणच द्यायचं, हे काही तिला जमेना.

लाडक्या फाटकाशी उभा होता.

"दोन गेले, बा."

त्याचा चेहरा उतरला. "कोणी नेलं?"

"मुंग्यांनी. भिंतीत गेली त्यांची रांग."

"मुंग्या? त्या तठं, वर?"

"हो."

लाडक्या मान मागे टाकून त्या खिडकीकडे बघत राहिला. तिथे माती नव्हती, झाड नव्हतं, नुसतं सिमेंट. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"एवढीशी मुंगी," तो शेवटी म्हणाला, "एवढी चढली, घर केलं, पोरांना दाणाबी नेला. तिला घेतलं या जागेनं. मंग तुला काय नाय घेणार?"

रंजनाला रडूच फुटलं. मामाकडे ठेवलेली तिची पत्र्याची पेटी आणायला लाडक्या निघाला. चार पावलं गेला, थांबला आणि वळून पुन्हा एकदा वर बघू लागला.